नवा क्रँकसेट, आणि आठवड्याभरात परत ढिला झालेला डावा क्रँक

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या सायकलीचं दुखणं हेच की दुसरं ते वाचता वाचताच कळेल.

- पेडलवर जोर पडला की दर फेऱ्याला एकदा ‘कट’. सपाट रस्त्यावर सायकल गप्प, वडोदऱ्यातल्या लालबागच्या पुलाचा चढ लागला की आवाज हजर.
- पेडल खाली दाबताना पायाला बारीक हिसका बसतो, जणू क्रँक (पेडल धरणारा दांडा) क्षणभर अडखळून मग पुढे गेला.
- बोल्ट आवळला की दोन-तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.
- डावा क्रँक हाताने हलतो, उजवा घट्ट.
- चेनव्हील (पुढची दातांची चकती) फिरताना डुलतं, मागे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला घासतं, किंवा पुढची चेन सारखी पडते.
- काहीच हलत नाही, पण क्रँक फिरवताना आत वाळू असल्यासारखी खरखर होते.

पहिली चार लक्षणं एका घरची. पाचवं चुकीच्या मापाचं, आणि सहावं बेअरिंगचं.

मी मेकॅनिक नाही. कारखान्यात मेंटेनन्सला वीस वर्षं काढली, आणि आता कमाटीबागेपासून सकाळी आजव्याकडे निघणाऱ्या आमच्या टोळक्याच्या सायकली दांडिया बाजारातल्या घराच्या ओटल्यावर बसून उघडतो. क्रँकसेट, म्हणजे दोन्ही क्रँक आणि चेनव्हील, नवा टाकून आठ दिवसांत परत आलेली सायकल इतक्या वेळा हाताखालून गेली आहे की तिचं एक ठरलेलं नाटकच झालंय. दुकानात नेली की उत्तर मिळतं, “बीबी गई, नवी नाखवी पडशे.” म्हणजे बीबी गेली, नवी टाकावी लागेल. (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट: फ्रेमच्या तळाच्या नळीतला एक्सल आणि त्याचे बेअरिंग.) बीबी बदलतात, पैसे जातात, आणि कट-कट तशीच. कारण बहुतेक वेळा बीबीचा काही दोषच नसतो. बीबीच्या एक्सलवर क्रँक नीट बसलेला नसतो, आणि तो ढिला असताना चार दिवस चालवून आपण स्वतःच त्याचं भोक खराब केलेलं असतं.

खालचं सगळं मुख्यतः चौकोनी एक्सलच्या बीबीबद्दल आहे, कारण गावात निम्म्याहून अधिक गिअरच्या सायकली त्याच धर्तीच्या दिसतात. क्रँकच्या मध्यावरची प्लास्टिकची टोपी काढल्यावर आत एक बोल्ट आणि त्यामागे एक्सलचं चौकोनी टोक दिसलं, तर ती हीच. काळ्या दूधवाल्या सायकलीतली कॉटरची, म्हणजे क्रँक आडव्या पाचर-पिनेनं धरणारी, बीबी आणि पोकळ एक्सलची नवी बीबी यांच्यासाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

पाना उचलायच्या आधी

सायकल भिंतीला टेकवा. एक क्रँक पुढे आणि एक मागे असा आडवा धरा, दोन्ही हातांनी दोन्ही क्रँकची टोकं पकडा आणि फ्रेमकडे ढकला-ओढा. दोन्ही क्रँक एकत्र हलले, म्हणजे एक आत जाताना दुसरा बाहेर आला, तर एक्सलच डुलतोय आणि दोष बीबीत आहे. एकच हलला आणि दुसरा जागचा ढळला नाही, तर बीबी निर्दोष आहे, दोष त्या क्रँकच्या बैठकीत. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि पैसा शून्य, तरी ती केल्याशिवाय लोक बीबी विकत घेतात.

काहीच हलत नसेल आणि नुसता आवाज असेल, तर मग आवाजाचा माग काढा. सायकलच्या फ्रेमची नळी पोकळ असते, आवाज कुठूनही निघून कुठेही ऐकू येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायला वेळ लागत नाही. सीटवरून उठून उभ्यानं पेडल मारा. आवाज गेला तर तो सीटचा किंवा सीटच्या दांड्याचा. मग मोकळ्या रस्त्यावर एकाच पायानं मारा, आधी डावा, मग उजवा. एकाच पायाला येत असेल तर त्या बाजूचं पेडल किंवा क्रँक. पाय न मारता सायकल नुसती घरंगळताना आवाज आला, तर क्रँकचा संबंधच नाही.

यात मी स्वतः फसलोय. एका रविवारी पूर्ण दुपार घालवून एकाची बीबी काढली, साफ केली, परत बसवली, आणि संध्याकाळी तोच आवाज. मागच्या चाकाची पटकन उघडणारी कडी नीट आवळलेली नव्हती. पेडलवर जोर पडला की चाकाचा एक्सल फ्रेमच्या खाचेत कणभर सरकायचा आणि ‘कट’ करायचा. तेव्हापासून दोन्ही चाकांच्या कड्या उघडून परत आवळल्याशिवाय मी क्रँकला हात लावत नाही.

पेडल आणि चेनव्हीलचे बोल्ट

नवा क्रँकसेट बसवताना पेडल जुनंच लावतात, आणि बहुतेक वेळा आटे कोरडेच ठेवून लावतात. ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये लोखंडी पेडलची दांडी कोरडी आवळली की जोर पडल्यावर ती कुरकुरते, आणि तो आवाज हुबेहूब बीबीसारखा ऐकू येतो. दोन्ही पेडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावा, परत घट्ट लावा. साधारण १५ मिलीमीटरचा सपाट पाना लागतो. काहींना आतून ६ किंवा ८ ची ॲलन की. लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलच्या दांडीवर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं. चष्मा लावून वाचा. एल चुकून उजवीकडे जोरानं घुसवलं की नव्या क्रँकचे आटे पहिल्याच दिवशी संपले.

पुढचे दात असलेल्या चकत्या क्रँकला ज्या बोल्टांनी धरलेल्या असतात, त्यांनाही एकदा ५ ची ॲलन की लावून बघा. नवे क्रँकसेट कारखान्यातून आले म्हणजे घट्टच असतील असं नसतं. एखादा बोल्ट पूर्ण गोल फिरत राहिला तर मागच्या बाजूची नळी फिरतेय. ती पेचकसानं धरून आवळा. स्वस्त क्रँकसेटमध्ये या चकत्या बोल्टाऐवजी रिबेट मारून जोडलेल्या असतात. त्या एकदा सैल झाल्या की त्यावर उपाय नाही, तो क्रँकसेटच बदलायचा.

बोल्टाला खरंच पुरेसा जोर मिळाला का?

माझ्या ओटल्यावर येणारे बहुतेक घोळ इथेच सुटतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

चौकोनी एक्सलचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, प्रत्येक बाजूला २ अंशांचा उतार. क्रँकचं भोकही तसंच. बोल्टाचं काम क्रँकला त्या पाचरीवर चढवायचं. क्रँक जितका वर चढतो तितकं भोक किंचित ताणलं जातं आणि एक्सलला आवळून धरतं. धरून ठेवतो तो हा ताण, नुसता बोल्ट नव्हे. बोल्ट कमी आवळला तर क्रँक पाचरीवर अर्धवट लटकतो. पेडलच्या प्रत्येक दाबाला चौकोनाच्या कोपऱ्यांवर घासतो, भोक रुंदावतं, मग बोल्टही सुटतो.

शिमानोच्या चौकोनी एक्सलसाठी क्रँकच्या बोल्टाला ३५ ते ५० न्यूटन-मीटर एवढा जोर सांगितलेला असतो. हा आकडा ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही, तर हिशेब असा. बोल्टावर ८ ची ॲलन की लावली आणि ती हातात येते तेवढी, म्हणजे पंधराएक सेंटिमीटर लांब असली, तर ४० न्यूटन-मीटरसाठी तिच्या टोकावर सुमारे २७ किलोचा भार टाकावा लागतो. बसल्या जागी मनगटानं एवढा भार कोण टाकतो? आपण दात-ओठ खाऊन दहा-बारा किलो टाकतो आणि समाधानानं टोपी लावतो. दुकानातला मुलगाही घाईत तेच करतो. चौथ्या दिवशी आवाज येतो तो इथून.

टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते मोजणारा पाना, असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर माझी युक्ती: सुमारे ४० सेंटिमीटर लांब दांड्याचा पाना घ्या, किंवा सॉकेटच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घरात असतोच. तो हूक बोल्टापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर अडकवा आणि दांड्याच्या काटकोनात ओढा. काट्यावर १० किलो दिसले की ४० न्यूटन-मीटरच्या जवळ पोचलात. वहिनींच्या बॅगेतला काटा न विचारता घेतला तर परिणामांना मी जबाबदार नाही.

बोल्टाच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस हवंच. कोरड्या बोल्टाला लावलेल्या जोरातला बराचसा घर्षणातच खर्च होतो. पाना घट्ट लागतो आणि क्रँक मात्र चढत नाही. एक्सलच्या चौकोनाला ग्रीस लावायचं की नाही यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक भांडायला तयार असतात. मी बोटानं पुसून काढल्यावर उरेल एवढाच पापुद्रा ठेवतो. वडोदऱ्याच्या पावसात कोरड्या लोखंडाला गंज चढतो आणि मग क्रँक निघत नाही, एवढंच माझं कारण.

बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर एकदा त्याच जोराने बोल्ट तपासा. काटा १० किलोवर गेला आणि बोल्ट हलला नाही, तर विषय संपला. रोज सकाळी सवय म्हणून थोडा थोडा आवळू नका. दर वेळी क्रँक पाचरीवर आणखी वर सरकतो, भोक आणखी ताणलं जातं, आणि एक दिवस त्याला चीर जाते.

डावाच का ढिला होतो, असं सगळे विचारतात. उजव्या पायाचा जोर उजव्या क्रँकवरून थेट चेनव्हीलला आणि तिथून चेनला जातो. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या भोकातून एक्सलमध्ये उतरून, पलीकडे जाऊन, मग चेनला मिळतो. डाव्या क्रँकची बैठक सतत वळणही सोसते आणि वाकणंही. उजवीकडे चूक झाली तर कधी कधी खपून जाते, डावीकडे नाही.

क्रँक काढून आत बघा

जोर बरोबर होता, तरी ढिला होतो? मग क्रँक उतरवावा लागेल. त्यासाठी क्रँक पुलर लागतो. काही शे रुपयांत मिळतो आणि एकदा घेतला की आयुष्यभर पुरतो. हातोडीनं मागून ठोकू नका, बेअरिंगवर घाव बसतात.

पुलर लावण्याआधी बोल्टाबरोबरचा वॉशरही बाहेर आलाय ना ते बघा. तो आत चिकटून राहतो, आणि पुलर त्यावर दाब देत बसतो. मी एकदा हेच केलं. क्रँक हलेना म्हणून आणखी जोर लावला, आणि क्रँकमधले पुलरचे आटे भुगा होऊन हातात आले. सायकल एका शेजारच्या मुलाची होती, दहावीचा निकाल लागल्यावर घेतलेली. नवा डावा क्रँक मी माझ्या पैशानं आणून दिला. तेव्हा: वॉशर काढा, आटे पुसा, पुलर हाताने पूर्ण आत फिरवा, आणि मगच मधला दांडा आवळा.

क्रँक निघाला की तीन गोष्टी बघायच्या.

एक, घाण. एक्सलचा चौकोन आणि क्रँकचं भोक डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडं करा. काळपट राखाडी पेस्ट किंवा तांबूस भुकटी निघाली तर तिथे घासाघीस झालीय हे नक्की. नव्या क्रँकच्या भोकात रंगाचा किंवा कापल्याचा बारीक कचराही असतो. तो पाचरीमध्ये अडकला की क्रँक तिरका बसतो.

दोन, खोली. ही तपासणी कुणी करत नाही. क्रँक परत हाताने एक्सलवर ठेवा, बोल्ट लावून पूर्ण जोराने आवळा, मग बोल्ट परत काढा आणि आत बोट घाला. एक्सलचं टोक, बोल्टाचं डोकं ज्या कडेवर टेकतं तिच्या आत, दोनेक मिलीमीटर तरी खोल असायला हवं. टोक कडेच्या बरोबरीला आलं असेल तर बोल्ट क्रँकला दाबत नाही, एक्सललाच दाबतो. पाना लावला तर दगडासारखा घट्ट, आणि क्रँक मोकळा. अशा सायकलीला जगातला कोणताही टॉर्क पाना बरं करणार नाही. भोक तरी मोठं झालंय, नाहीतर माप चुकलंय.

तीन, भोकाचे कोपरे. चौकोनाच्या बाजू सरळ आहेत की पोट सुटल्यासारख्या फुगलेल्या? नवा क्रँक असूनही फुगलेल्या असतील, तर तो ढिला असताना चालवला गेलाय. बोल्ट न लावता हाताने एक्सलवर दाबून हलवा. डुलला तर तो क्रँक संपला. नवा डावा क्रँक सुटाही मिळतो. पूर्ण सेट घ्यायची गरज नाही, पण लांबी तीच हवी; क्रँकच्या आतल्या अंगाला १७० किंवा १७५ असा आकडा कोरलेला असतो.

इथे मला एक-दोन कारागिरांशी वाकडं बोलावं लागतं. ढिल्या क्रँकमध्ये थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून कोंबणं ही घरी पोचण्यापुरती युक्ती आहे. हालोलच्या रस्त्यावर अडकलात तर जरूर करा, पण तो पत्रा आठवडाभर चालवू नका. दुसरा प्रकार त्याहून वाईट. आमच्याकडे एक सायकल आली, तिचा डावा क्रँक एक्सलला वेल्डिंग करून टाकलेला. मालक म्हणाले, “आता कधीच ढिला होणार नाही, काका.” खरं होतं ते. बेअरिंगमधलं ग्रीस जळालं होतं आणि बीबी काढायला क्रँकच कापावा लागला.

माप जुळतंय का

बीबी बदलायची ठरली असो वा नसो, नवा क्रँकसेट आणि जुनी बीबी एकमेकांची आहेत का हे बघा. बीबीवर ६८-११३ किंवा ७३-१२२.५ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा फ्रेमच्या, बीबी जिच्यात बसते त्या आडव्या नळीची रुंदी, दुसरा एक्सलची लांबी. एक्सल छोटा पडला तर चेनव्हील फ्रेमला घासतं. लांब पडला तर चेन तिरकी ओढली जाते, पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) मोठ्या चकतीपर्यंत पोचत नाही. क्रँकसेटच्या कागदावर कोणत्या लांबीचा एक्सल हवा ते लिहिलेलं असतं. तो कागद खोक्यासकट फेकून देऊ नका.

चौकोनाचीही दोन मापं आहेत, जेआयएस आणि आयएसओ. शिमानोच्या चौकोनी बीबी जेआयएस असतात. कॅम्पॅग्नोलोसारख्या युरोपीय मालात आयएसओ सापडतं. उतार दोन्हींचा २ अंशच, पण जाडी थोडी वेगळी. जेआयएस एक्सलवर आयएसओ क्रँक सुमारे ४-५ मिलीमीटर बाहेरच अडकतो. उलट केलं तर क्रँक गरजेपेक्षा आत जातो, आणि वर सांगितलेलं ‘टोक कडेच्या बरोबरीला’ हे दुखणं पहिल्याच दिवशी मिळतं. परदेशातून कुणी भाऊ-पुतण्यानं हौसेनं आणलेला जुना क्रँकसेट असेल, तर ही शंका आधी घ्या.

बेअरिंग आणि पुराचं पाणी

खरखरवाल्या सायकलींसाठी हा भाग. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांवर गेली, आणि समा, अकोटा, मुजमहुडा भागात तळमजल्यावरच्या सायकली दोन-दोन दिवस पाण्यात राहिल्या. त्यानंतरचे दोन-तीन महिने ओटल्यावर रांग होती. लोकांनी सायकल धुतली, चेनला तेल दिलं, आणि झालं असं समजले. पण बीबीची नळी ही फ्रेमची सगळ्यात खालची जागा. सीटच्या दांड्यातून, फ्रेमच्या भोकांतून शिरलेलं पाणी तिथेच साचतं, आणि त्याबरोबर नदीचा गाळ. पूर न येताही पावसाळ्यात बाहेर उभ्या सायकलीत थोडं पाणी जातंच.

तपासायला सोपं आहे. चेन चेनव्हीलवरून खाली उतरवा आणि क्रँक बोटानं हळूच फिरवा. चांगली बीबी लोण्यासारखी फिरते, खराब बीबी दाण्यादाण्यानं. मग सीटचा दांडा काढून सायकल उलटी करा. पाणी आलं तर उत्तर मिळालं. फ्रेमच्या तळाला निचऱ्याचं भोक असेल तर काडी घालून मोकळं करा.

जुन्या सुट्या छर्ऱ्यांच्या बीबीचं एक बरं असतं, ती उघडून साफ करता येते. पाव इंची छर्रे, बहुतेक प्रत्येक बाजूला ११; सगळे मोजून घ्या, एक तरी पलंगाखाली जातोच. कपात, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात त्या वाटीत, खड्डे पडले नसतील तर नवे छर्रे आणि भरपूर ग्रीस, बस. डाव्या कपानं आणि त्यावरच्या लॉक रिंगनं खेळ जुळवायचा. बंद डब्यासारखी कार्ट्रिज बीबी मात्र उघडत नाही. खरखरली की बदलायची. ग्रीस पिचकारीनं भरायचे प्रयोग मी करून पाहिलेत, महिना टिकतात.

बदलताना एकच गोष्ट विसरू नका. आपल्याकडच्या सायकलींत बहुतेक बीएसए आट्यांची नळी असते, आणि तिच्या उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे. उजवा कप काढायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, डावा काढायला उलट. दर वर्षी कुणीतरी उजवा कप ‘सोडवायला’ म्हणून अर्धा तास आवळत बसतो आणि मग मला फोन येतो.

नवी बीबी आधी हाताने तीन-चार फेरे आत जायला हवी. गेली नाही तर थांबा. शिमानोची असेल तर शेवटी ५० ते ७० न्यूटन-मीटर. नळीचे आटे आणि कपाचे आटे दोन्हींना ग्रीस, नाहीतर पुढच्या पुराला ती निघणार नाही.

कॉटरची आणि पोकळ एक्सलची

काळ्या सायकलीतला क्रँक ढिला झाला तर कॉटर पिन झिजलेली असते. लोक तिच्या नटाला पाना लावतात. नट पिनेला फक्त जागेवर धरतो. ती बसवायची हातोडीनं, खालून जाड लाकडाचा ठोकळा टेकवून. नटानं ओढून बसवायला गेलात तर बारीक आटे तुटतात. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं लागतात. तसं नसेल तर दोन्ही पेडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडत चालल्यासारखी वाटते.

पोकळ, २४ मिलीमीटर एक्सलच्या सायकलीत डावा क्रँक दोन आडव्या बोल्टांनी आवळलेला असतो. टोकाची प्लास्टिकची टोपी आधी बोटाच्या जोरानं बसवा. तिचं काम फक्त खेळ काढणं, आवळणं नाही. मग दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की पहिला सैल पडतो. इथेही ढिल्या क्रँकवर चालवलं तर आतल्या खाचा जातात.

इथे थांबा, कारागिराकडे जा

बीबीचा कप पूर्ण गंजून बसलाय आणि पाना खाचांतून निसटायला लागलाय: थांबा. खाचा गेल्या की मग लाखात एखादाच तो काढू शकतो. कप हाताने फिरत नाही, तिरका लागतोय: थांबा, आटे पुन्हा कापायला बीबीचाच टॅप लागतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लेथवाले पुष्कळ आहेत आणि हुशार आहेत, पण १.३७ इंच, २४ आट्यांचा तो टॅप आणि डाव्या-उजव्याची जोडी सायकलच्या चांगल्या वर्कशॉपातच असते. आधी फोन करून विचारा. पुलरचे आटे गेलेत आणि क्रँक अडकलाय: थांबा. क्रँकच्या कोपऱ्याजवळ किंवा पेडलच्या भोकाजवळ केसासारखी चीर दिसली: सायकल चालवूच नका, ढकलत न्या. कार्बनच्या फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या बेअरिंगची बीबी असेल तर घरी हातोडी घेऊन सुरुवातच करू नका.

दुकानात जाताना ‘बीबी बदला’ म्हणू नका. कोणता क्रँक हलतो, आवाज उभ्यानं येतो की बसून, बोल्ट आवळल्यावर किती दिवस टिकतो, आणि बीबीवरचे दोन आकडे, एवढं कागदावर लिहून न्या. काढलेला जुना क्रँक सोबत ठेवा. आणि क्रँक बसवताना त्यांच्याकडे लांब दांड्याचा पाना आहे का, तेवढं बघत उभे राहा.